एकच तवा, तीन गिऱ्हाइके

पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांतील पदार्थयादीत गेल्या काही वर्षांत 'व्हीगन' हा शब्द दिसू लागला आहे. मांस, मासे व अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, तूप, लोणी, मध असे प्राण्यांपासून मिळणारे सारेच पदार्थ वर्ज्य मानणारा तो व्हीगन. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये हा शब्द प्रचारात आणला, तेव्हा तो शाकाहारी मंडळींमधलाच एक घरगुती वाद होता : मांस सोडणाऱ्याने दूध का सोडू नये? आपल्याकडे दूधतूप हे सात्त्विक आहाराचे शिखर मानले गेल्यामुळे या विचाराला पाय रोवण्यास वेळ लागला. आता तो आला आहे, आणि पदार्थयादीतून थेट भटारखान्यात शिरला आहे. तेथे त्याची पहिली गाठ पडते ती तव्याशी.

एखाद्या मध्यम प्रतीच्या उडुपी हॉटेलातील तवा डोळ्यांसमोर आणावा. सकाळी तापलेला तो भला थोरला लोखंडी पत्रा रात्री दुकान बंद होईपर्यंत गार होत नाही. त्यावर आता लोणी सोडलेला मसाला डोसा होतो, मग तेलावरचा उत्तप्पा, मग पनीर घातलेला आणखी काही प्रकार. दोन घाण्यांच्या मध्ये आचारी पाण्याचा शिपका मारतो, छोट्या केरसुणीने तवा झाडतो आणि पुढचे पीठ पसरतो. गिऱ्हाइकाने 'लोणी नको' असे बजावले, आचाऱ्यानेही इमानाने लोणी घातले नाही, तरी आधीच्या लोण्याचा अंश नव्या डोशाला लागायचा तो लागतोच. चिनी पदार्थांच्या गाडीवर अंड्याचा भात परतून झाला की पाण्याचा एक हबका मारून त्याच कढईत भाज्यांचा भात पडतो. ज्या तेलात पनीरची भजी तळली त्यातच बटाटेवडे तळले जातात. वरणाच्या फोडणीची पळी तुपातून निघून तेलात बुडते. पदार्थाच्या कृतीत जे नाही ते भांड्यातून त्यात येते. मग त्या डोशाला व्हीगन म्हणावे काय?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बर्गर किंग या कंपनीने वनस्पतिजन्य वडीचा बर्गर देशभर विक्रीस आणला. ती वडी गोमांसाच्या वडीच्याच जाळीवर भाजली जाते, असे कळल्यावर नोव्हेंबरमध्ये एका व्हीगन गिऱ्हाइकाने फ्लॉरिडाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. जुलै २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला. कंपनीने मांसरहित वडीचे वचन दिले होते आणि ते पाळले. ती कशी भाजली जाईल याविषयी तिने काही कबूल केले नव्हते, असा त्या निर्णयाचा आशय. गंमत अशी, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रण संस्थेने त्याच कंपनीच्या तशाच बर्गरच्या जाहिराती बंद करावयास लावल्या. सामाईक जाळी आणि अंड्याचे मेयोनीज असताना जाहिरातीच्या शब्दरचनेवरून हा बर्गर व्हीगनांना चालेल असा समज होतो, असे त्या संस्थेचे म्हणणे पडले. हे दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात, पण दोहोंत तपासले गेले ते एकच : विकणाऱ्याने नेमके काय सांगितले होते? जाळी सामाईक असू नये, असे दोघांपैकी कोणीच म्हटले नाही.

आपल्या कायद्याची भूमिकाही याहून फार निराळी नाही. पाकिटावरील हिरव्या ठिपक्यात दूध बसते, म्हणून व्हीगनांना तो निरुपयोगी. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ च्या सप्टेंबरात व्हीगन अन्नाची निराळी खूण जाहीर केली व २०२२ मध्ये त्यासंबंधीचे विनियम केले. कच्च्या मालापासून प्रक्रियेपर्यंत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य घटक वापरलेला नसावा, असे ते सांगतात. मात्र एकाच यंत्रावर दोन्ही प्रकारचे पदार्थ होत असतील, तर व्हीगन पदार्थाला हात घालण्यापूर्वी यंत्रे, भांडी व पृष्ठभाग नीट स्वच्छ करावेत, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. निराळ्या कारखान्याचा आग्रह त्यांत नाही. ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीची खूण घेणाऱ्यांनाही भांडी आधी स्वच्छ धुण्याचे किमान बंधन आहे. स्वतंत्र भांड्यांची शिफारस आहे, सक्ती नाही. अडचण एवढीच, की हे सारे पाकिटाच्या खुणेभोवती फिरते आणि डोसा पाकिटात येत नाही.

माझ्या मते येथे गोंधळ होतो तो गिऱ्हाईक एकच आहे असे धरून चालल्यामुळे. वास्तविक त्या तव्यासमोर तीन निरनिराळी माणसे उभी असतात. पहिला प्राण्यांच्या छळात आपला वाटा नको म्हणून दूध सोडतो. त्याच्या दृष्टीने पाहता, तव्यावर राहिलेल्या लोण्याच्या अंशाने गोठ्यातील एकाही म्हशीचे दुःख वाढत नाही. लोण्याची मागणी त्याच्या डोशामुळे वाढत नाही. शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढे टाळावे, असेच व्हीगन सोसायटीची व्याख्याही म्हणते. त्याने धुतलेल्या तव्यावर समाधान मानावे, हे मला रास्त वाटते. दुसरा व्रतस्थ. मुंबईच्या हॉटेलांत 'जैन' म्हणून कांदा-लसणावाचून पदार्थ मागणारा, किंवा मांस शिजलेल्या पातेल्यातील काहीही न खाणारा. त्याचा प्रश्न त्याच्या श्रद्धेचा आहे. त्याचा निवाडा हॉटेलवाल्याने करू नये, खरी माहिती द्यावी आणि निर्णय त्याच्यावर सोडावा.

तिसऱ्याची गोष्ट गंभीर आहे. ज्याला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्याला मत नाही आणि व्रतही नाही. त्याला श्वास आहे. दुधाची प्रथिने तव्याच्या उष्णतेने निर्धोक होतात अशा भरवशावर त्याला राहता येत नाही; तळणाच्या तेलातही त्यांचे अंश राहतात. डिसेंबर २०१७ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे व्हीगन म्हणून विकलेली पोळीची गुंडाळी खाऊन एक स्त्री मरण पावली. २०२२ मध्ये तिच्या मृत्यूची चौकशी झाली, तेव्हा असे दिसले की गुंडाळीतील नारळाच्या दह्यात घातलेल्या पिष्टात दुधाच्या प्रथिनांची भेसळ कारखान्यातच झाली होती. तेथे तवाही नव्हता आणि आचाऱ्याची चूकही नव्हती. व्हीगन खूण म्हणजे ॲलर्जीपासून संरक्षण नव्हे, असे ब्रिटनचे अन्नखाते बजावते ते यासाठीच. आपल्याकडे मात्र वाढप्याला विचारावे, तर तो तिघांनाही एकच उत्तर देतो : "चालेल साहेब, काही नाही त्यात."

या विषयाला आपल्या देशात आणखी एक कंगोरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निराळे भांडे ही आपल्याकडे कधीच केवळ स्वच्छतेची बाब नव्हती. सोवळ्या-ओवळ्याच्या नावाखाली भांड्यांनी माणसे वेगळी केली. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी बाजूला ठेवलेली कपबशी विसरण्याइतकी जुनी झालेली नाही. २०२३ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त भोजनगृहातील काही टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध म्हणून तेथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला, तेव्हा वाद टेबलाचा नव्हताच. प्राण्यांवरील दयेतून निघालेला विचार या जुन्या वाटेला लागू नये, याची काळजी आपल्याकडील व्हीगनांनीच अधिक घ्यावयास हवी. तवा वेगळा मागताना तो कशासाठी, हे त्यांनी स्पष्ट सांगावे. भांड्याला लागलेले लोणी धुऊन निघते. विटाळाची कल्पना धुऊन निघत नाही.

हॉटेलवाल्याला यातून जमण्यासारखे पुष्कळ आहे. झुणका, भाकरी, ठेचा, तेलाच्या फोडणीची आमटी, सोलकढी हे पदार्थ मुळातच व्हीगन आहेत; तुपाची धार न धरली की झाले. स्वतंत्र कढई एखादी घेता येते, स्वतंत्र भटारखाना छोट्या मालकाला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. पदार्थयादीत त्याने एवढे छापावे : अमुक पदार्थात दूध घातलेले नाही, मात्र तो दुधाचे पदार्थ होतात त्याच धुतलेल्या तव्यावर होतो. पहिला गिऱ्हाईक ते वाचून जेवेल, दुसरा विचार करील, तिसरा दुसरीकडे जाईल. परंतु 'धुतलेल्या' हा शब्द छापल्यावर तवा खरोखर धुवावा लागेल. गर्दीच्या वेळी तापलेला तवा उतरवून घासणे म्हणजे पाचदहा मिनिटे धंदा थांबविणे, आणि ते काम येते मोरीपाशी दिवसभर उभ्या असलेल्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे. व्हीगन म्हणजे काय हे मालकाला कळलेले असते, वाढप्याला ऐकून ठाऊक असते. त्या माणसाला अजून कोणी सांगितलेले नसते.