‘इंटरनॅशनल’ शाळा : फी भरण्यापूर्वी बोर्ड पाहा

चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघाले की बावधन, भूगाव, भुकूम या पट्ट्यात इंग्रजी शाळांचे फलक एकामागून एक दिसू लागतात. बऱ्याच फलकांवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द असतो. आपल्यातलेही कित्येक व्यापारी आणि कारागीर भाई मुलांच्या प्रवेशासाठी या शाळांत चौकशी करू लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. मात्र थानावर छापलेला शिक्का पाहून आपण कधी माल उचलत नाही. कापड उलगडतो, पन्हा मोजतो, धागा ओढून बघतो. शाळेच्या बाबतीतही तेच करावे.

पहिला सवाल बोर्डाचा. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणून बोर्ड परदेशी असतेच असे नाही. अशा नावाच्या अनेक शाळा सीबीएसई किंवा आयसीएसई शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पण पैसे कशाचे देतो आहोत हे ठाऊक हवे. खरे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आपल्याकडे मुख्यतः दोन. एक इंग्लंडच्या केंब्रिजचा. त्यात दहावीला आयजीसीएसई आणि पुढे ए-लेव्हल. दुसरा जिनिव्हात 1968 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा, त्याला आयबी म्हणतात. मुळशी तालुक्यातच आयबीच्या जुन्या शाळा आहेत. हिंजवडीला 1998 मध्ये मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल सुरू झाले, ते पुढे महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल झाले. भुकूमला इंडस इंटरनॅशनल आहे. पौडजवळ खुबवली येथे महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज 1997 पासून चालते. शाळेला मान्यता आहे की नाही हे केंब्रिजच्या आणि आयबीच्या अधिकृत यादीत पाहता येते. ‘मान्यता लवकरच येणार’ हे उत्तर उधारीच्या वायद्यासारखे समजावे.

आयबीची अकरावी-बारावी म्हणजे डिप्लोमा. सहा विषय घ्यायचे, त्यांपैकी साधारण तीन वरच्या पातळीवर आणि तीन साध्या पातळीवर. प्रत्येक विषयाला जास्तीत जास्त 7 गुण, म्हणजे 42. शिवाय ज्ञानमीमांसेचा एक विषय आणि चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध, त्यांचे मिळून 3 गुण. एकूण 45. पास होण्यासाठी इतर अटींबरोबर किमान 24 गुण लागतात. खेळ, कला, समाजसेवा हेही पूर्ण करावे लागते, त्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. पाठांतरावर तरून जाणाऱ्या मुलाला हे जड जाते. स्वतः वाचून, लिहून, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ते मानवते.

इथे एक अडचण आहे, जी प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. मुलीला डॉक्टर करायचे असेल तर नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तिसरा घेण्यासाठी शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते. हे अकरावीच्या आरंभीच ठरवायचे असते. बारावीत जाग आली तर काहीच करता येत नाही. इंजिनिअरिंगचेही तसेच. जेईई आणि एमएचटी-सीईटी यांचा अभ्यासक्रम आपल्याकडच्या अकरावी-बारावीवर बेतलेला आहे, तेव्हा आयबीच्या मुलाला ती तयारी वेगळी करावी लागते, क्लासची फीही वेगळी. भारतीय विश्वविद्यालय संघ आयबी डिप्लोमाला बारावीची समकक्षता देतो, त्यामुळे पदवीचे दरवाजे बंद होत नाहीत. पण निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. तोवर इथल्या कित्येक कॉलेजांचे प्रवेश सुरू झालेले असतात.

दहावीच्या आयजीसीएसईचीही तारीख विचारा. मे-जूनला परीक्षा दिली तर निकाल ऑगस्टमध्ये येतो आणि राज्यातल्या अकरावीच्या ऑनलाइन फेऱ्या त्याआधीच पुढे सरकलेल्या असतात. भारतासाठी केंब्रिजची मार्चची परीक्षाही असते, तिचा निकाल मे महिन्यात लागतो. मुलाला पुढे साध्या ज्युनिअर कॉलेजात घालायचे असेल तर शाळा मार्चला बसवते का, हे आधी विचारावे.

भाषेचे काय? 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. उर्दूचा विषय केंब्रिजकडे आहे, पण शाळेने शिक्षक ठेवला असेल तरच तो मुलाला मिळतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हा मुद्दा मला छोटा वाटत नाही. निवासी शाळा असेल तर जेवण आणि जुम्याच्या नमाजची सोय लेखी विचारून घ्यावी.

आता हिशेब. वार्षिक फीवर थांबू नका. बस, गणवेश, लॅपटॉप, सहली, आणि केंब्रिज-आयबीची परीक्षा फी हे सारे धरून बारावीपर्यंतची बेरीज मांडा. राज्याच्या फी नियमन कायद्यानुसार (2011 चा, अंमल 2014 पासून) फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते. त्या मंजुरीची प्रत मागायला संकोच नको. देणगी अर्थात कॅपिटेशन फी घेणे गुन्हा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे लहान मुलाची चाचणी किंवा मुलाखत घेऊन प्रवेश ठरवणेही बेकायदा आहे. काही शाळा फायनान्स कंपनीमार्फत हप्ते करून देतात. ‘बिनव्याजी’ लिहिलेले असले तरी करार वाचावा. रोख भरणाऱ्याला सूट मिळत असेल, तर ती सूट म्हणजेच व्याज.

ज्यांची ऐपत नाही त्यांनी पंचवीस टक्के राखीव जागांकडे पाहावे. बोर्ड कोणतेही असो, विनाअनुदानित खासगी शाळांना हा नियम लागू आहे. फक्त अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यातून वगळल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना सूट देऊ केली होती, ती मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. अर्ज ऑनलाइन, सोडत ऑनलाइन. उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मोमीन-अन्सारी, पिंजारी, तांबोळी अशा ओबीसी बिरादरीतल्या पालकाकडे जातीचा दाखला असेल तर वंचित गटातून अर्ज करता येतो. तो दाखला बहुतेकांकडे नसतो, आणि सोडतीच्या वेळी धावपळ होते. आत्ताच काढून ठेवा. एक ध्यानात घ्यावे, ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीपासून पूर्ण फी पालकाच्या माथी येते, आणि त्या वयात मुलाला बोर्ड बदलायला लावणे कठीण जाते. म्हणून पहिलीला अर्ज करतानाच नववीच्या फीचा आकडा विचारून ठेवावा.

खुबवलीच्या कॉलेजची पद्धत निराळी. तिथे अकरावी-बारावीची दोनच वर्षे, राहून शिकायचे, सोबत अनेक देशांतली मुले. निवड गुणवत्ता आणि स्वभाव पाहून होते, मग घरच्या परिस्थितीनुसार शिष्यवृत्ती ठरते. त्यामुळे करघा चालवणाऱ्याची मुलगीही अर्ज करू शकते, फी परवडेल की नाही याचा विचार नंतर. अर्जाची मुदत प्रवेशाच्या कितीतरी महिने आधी संपते. म्हणून दहावीचे वर्ष सुरू होताच कॉलेजच्या कार्यालयात चौकशी करावी आणि मुलीला इंग्रजीत स्वतःबद्दल दोन पाने लिहायची सवय लावावी.