नॉर्मंडीचा किनारा : योजना, वेळ आणि सैनिक

समुद्रमार्गाने शत्रूच्या भूमीवर चालून जाणाऱ्या सेनेपुढे एक मूलभूत अडचण असते. जमिनीवरील युद्धात आक्रमक आपले बळ आधी एकवटतो आणि मग चाल करतो. सागरी आक्रमणात मात्र किनाऱ्यावरील त्याच्या बळाचा आरंभ शून्यापासून होतो. पहिली तुकडी वाळूवर पाय ठेवते तेव्हा तिच्या पाठीशी समुद्र आणि समोर सज्ज शत्रू असतो. त्या क्षणापासून आक्रमकाची जहाजे आणि बचाव करणाऱ्याचे रस्ते व लोहमार्ग यांच्यात कुमक पोचविण्याची शर्यत सुरू होते. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी झालेल्या आक्रमणाचा या दृष्टीने विचार केला असता, सेनापतींची रणनीती आणि सामान्य सैनिकाचे धैर्य यांचा परस्परसंबंध नेमका कोणता, हे स्पष्ट होते.

या मोहिमेमागे एका अपयशाचा धडा होता. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दोस्त राष्ट्रांच्या सुमारे ६,००० सैनिकांनी फ्रान्समधील दिएप बंदरावर छापा घातला. त्यांपैकी सुमारे ५,००० कॅनडाचे होते. बंदरासमोरच उतरलेल्या पलटणी भीषण माऱ्यात सापडल्या आणि काही तासांतच माघार घ्यावी लागली. कॅनडाचे ९०० हून अधिक सैनिक प्राणांस मुकले. तटबंदीचे बंदर समोरून हल्ला करून घेता येत नाही, हे यावरून दिसून आले. आणि बंदरावाचून तर मोठ्या सेनेची रसद चालत नाही. या पेचामुळे कृत्रिम बंदराच्या कल्पनेला बळ मिळाले. काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे समुद्रातून ओढून न्यावयाचे, ते उघड्या किनाऱ्यासमोर बुडवावयाचे आणि त्यांच्या आडोशाला जहाजे रिकामी करावयाची, अशी ती योजना होती.

इंग्लंडहून सर्वांत जवळचा किनारा कॅले भागाचा. परंतु जर्मनांची तटबंदीही तेथेच सर्वांत भक्कम होती. म्हणून ब्रिटिश सेनानी फ्रेडरिक मॉर्गन यांच्या मंडळाने १९४३ मध्ये नॉर्मंडीची निवड केली. त्यांच्या आराखड्यात पहिल्या हल्ल्यासाठी समुद्रमार्गे तीनच डिव्हिजन होत्या. माँटगोमेरी यांनी आघाडी रुंद करून पाच डिव्हिजन उतरविण्याचा आग्रह धरला आणि सरसेनापती आयझेनहॉवर यांनी तो मान्य केला. त्यासाठी लागणाऱ्या नौका जमविण्याकरिता मोहीम मेमधून जूनवर ढकलावी लागली. दिवस निवडण्यासही फारशी मोकळीक नव्हती. रात्री विमानांतून उतरणाऱ्या छत्रीसैनिकांना चांदणे हवे होते. आणि किनाऱ्यावर रोवलेले अडथळे दिसावेत म्हणून पहाटेस ओहोटी सरून भरती नुकतीच लागलेली हवी होती. असा योग महिन्यातून मोजक्याच दिवशी येतो. ५ जूनचा बेत वादळामुळे रहित झाला. हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅग यांनी अल्पकाळ उघडीप मिळेल असे सांगितल्यावर ६ जून हा दिवस निश्चित झाला.

स्वतःची घाई आणि शत्रूची दिरंगाई या दोहोंची तरतूद योजनेत होती. आग्नेय इंग्लंडमध्ये पॅटन यांच्या नावाने एक काल्पनिक सैन्यसमूह उभा केल्याचा देखावा करण्यात आला. खोटे बिनतारी संदेश आणि फितविलेले हेर यांच्या साहाय्याने तो इतका पटविला गेला की, कॅलेकडील पंधराव्या जर्मन सेनेचा मोठा भाग नॉर्मंडीतील लढाई पेटल्यावरही कित्येक आठवडे तेथेच थांबला. सीन नदीवरील पूल आणि लोहमार्गांची केंद्रे विमानांनी उद्ध्वस्त केली होती. शत्रूला पाण्याच्या काठावरच रोखले पाहिजे असे रोमेल यांचे मत होते, तर रणगाड्यांचे राखीव दल मागे ठेवावे असे रुंडश्टेट यांचे. हिटलरने त्या दलाचा महत्त्वाचा भाग स्वतःच्या अखत्यारीत ठेवल्यामुळे तो हलविण्याची परवानगी ६ जूनच्या दुपारनंतरच मिळाली.

यूटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि स्वोर्ड अशा सांकेतिक नावांच्या पाच किनाऱ्यांवर हल्ला झाला. त्यांपैकी ओमाहा येथे वेळापत्रक जवळजवळ कोसळले. ढगांमुळे आपल्याच नौकांवर बॉम्ब पडू नयेत म्हणून विमानांनी ते उशिरा सोडले आणि ते शत्रूच्या मोर्च्यांपलीकडे शेतांत पडले. पूर्वेकडील भागात समुद्रात सोडलेल्या २९ तरत्या रणगाड्यांपैकी २७ बुडाले. प्रवाहामुळे अनेक नौका ठरलेल्या जागा सोडून भलतीकडे लागल्या. समुद्र लागल्यामुळे गळून गेलेले शिपाई जड ओझ्यासह छातीभर पाण्यात उतरले, आणि काही कंपन्यांचे बहुतेक अधिकारी पहिल्या काही मिनिटांतच पडले. पुढील पलटणी अन्यत्र वळवाव्यात की काय, असा विचार सेनापती ब्रॅडली यांच्या मनात सकाळी येऊन गेला.

आराखड्याप्रमाणे टेकड्यांमधील घळींतून आत शिरावयाचे होते. पण त्याच घळींवर सर्वाधिक मारा होता. तेव्हा बचावलेल्या शिपायांनी लहान लहान गट करून, सुरुंग चुकवीत, घळींच्या मधले उतारच चढावयास आरंभ केला. ब्रिगेडियर जनरल नॉर्मन कोटा व कर्नल जॉर्ज टेलर यांच्यासारखे अधिकारी माऱ्याखाली वावरून त्यांना पुढे घालीत होते. विनाशिका तळ वाळूला टेकेल इतक्या जवळ येऊन शत्रूच्या मोर्च्यांवर तोफा डागीत होत्या. संध्याकाळपर्यंत मिळालेली भूमी अगदी अरुंद होती. तथापि ती टिकली.

त्या दिवशी समुद्रमार्गे व हवाईमार्गे मिळून सुमारे १,५६,००० सैनिक उतरले आणि दोस्त राष्ट्रांचे ४,४०० हून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. पहिल्याच दिवशी घ्यावयाचे काँ शहर पूर्णपणे हाती येण्यास जुलै उजाडला. १९ ते २२ जूनच्या वादळात ओमाहासमोरील कृत्रिम बंदर मोडले. तरीही उघड्या किनाऱ्यावरून रसद उतरतच राहिली. २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झाले.

ओमाहाचा विजय केवळ शौर्याचा म्हणणे अपुरे आहे, आणि केवळ योजनेचा म्हणणे अन्यायाचे आहे. शत्रूचे रणगाडे त्या सकाळी तेथे पोचले असते, तर उतार चढणाऱ्या मूठभर शिपायांचा निभाव लागणे कठीण होते. ते पोचले नाहीत, हे रणनीतीचे आणि शत्रूच्या चुकांचे फळ. उलट, ते शिपाई वाळूवरच पडून राहिले असते, तर फसवणुकीने मिळविलेले सारे तास व्यर्थ गेले असते. रणनीतीने वेळ मिळवून दिला. त्या वेळेचे मोल मात्र किनाऱ्यावरील सैनिकांनी आपल्या प्राणांनी चुकते केले.