पकड मजबूत, पाठ ताठ

डब्याचे झाकण उघडेना की आपण मुलांना हाक मारतो आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो. पण ही सूचना ओळखायला हवी. 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये 17 देशांतील सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुठीची ताकद दर 5 किलोने कमी, तर मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त, असे त्यात आढळले. नुसती मूठ आवळून आयुष्य वाढत नाही. पकड ही साऱ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे.

बोटे मिटवणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. म्हणून ओझे उचलताना पकड, हात, पाठ एकत्र राबतात. जिम नसली तरी दोन्ही हातांत पाण्याचे 5-5 लिटरचे कॅन घेऊन ताठ चालावे. मग खुर्चीचा आधार घेऊन, पाठ सरळ ठेवून वाकावे आणि कॅन बरगडीकडे दहा वेळा ओढावा. श्वास रोखू नये. आठवड्यातून किमान दोन दिवस हे करावे. रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अम्मी-अब्बांनाही हलक्या वजनाने सोबत घेऊ या. उतारवयात जिन्याचा कठडा घट्ट धरता येणे, नातवाला उचलून घेता येणे, ही मोठी नेमत आहे.