शब्द हाताला लागला पाहिजे

पाचवीतील एखाद्या मुलाला 'खरखरीत' या शब्दाचा अर्थ विचारावा. 'जे गुळगुळीत नाही ते', असे पाठ केलेले उत्तर तो देईल. परंतु त्याच्या हाती नारळाची करवंटी देऊन तिची बाहेरची व आतली बाजू चाचपायला सांगितली, तर तोच शब्द त्याचा स्वतःचा होतो. शब्दसंपत्ती केवळ पाठांतराने वाढत नाही. तिला हाताची व कृतीची जोड लागते, असे आम्हांस वाटते.

हा विचार नवा नाही. रोममध्ये १९०७ साली बालगृह सुरू करणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी फ्रेंच वैद्य सेगँ यांच्याकडून शब्द शिकवण्याची तीन पायऱ्यांची रीत घेतली. प्रथम वस्तू हाती देऊन शिक्षिका म्हणते, 'हे खरखरीत आहे.' मग ती म्हणते, 'यांतले खरखरीत मला दे.' शेवटी विचारते, 'हे कसे आहे?' मुलाने शब्द उच्चारण्याआधी तो ओळखावा, हे या रीतीचे मर्म होय. आपण मात्र बहुधा तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात करतो आणि मूल गप्प राहिले की त्याला मंद ठरवतो.

आपल्या परिसरात हे कार्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी बालकांना शिकवले. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचा उपयोग केला.

कोणत्याही वर्गात सहज करता येतील असे काही उपक्रम आम्ही येथे सुचवतो.

पहिला, स्पर्शाची पिशवी. कापडी पिशवीत कापूस, चिंचोका, वाळूचा कागद, मेणाचा गोळा ठेवावा. मुलाने न पाहता वस्तू चाचपून वर्णन करावे व इतरांनी ती ओळखावी. मऊ, टणक, चिकट, खरखरीत हे शब्द गरजेपोटीच तोंडी येतात.

दुसरा, भाजीची टोपली. मुलांनी मेथी खुडावी, वाटाणे सोलावेत, गाजर किसावे, लसूण ठेचावा. प्रत्येक कृतीबरोबर तिचे क्रियापद बोलावे व नंतर फळ्यावर लिहावे.

तिसरा, मूक अभिनय. चिठ्ठीवर 'डोकावणे', 'न्याहाळणे', 'टक लावणे' असे शब्द लिहावेत. एकाने अभिनय करावा व इतरांनी शब्द सांगावा. हे सर्व पाहण्याचेच प्रकार असले तरी त्यांतील फरक व्याख्येविना उमगतो.

अमूर्त शब्द हाती देता येत नाहीत, हे खरे. तरीही दोघांना एकच चेंडू देऊन वाटणी त्यांनाच ठरवू द्यावी आणि मग 'तडजोड' हा शब्द सांगावा. धर्मशिक्षणाच्या वर्गात 'क्षमा' हा शब्दही याच वाटेने शिकवता येईल.

एका वेळी पाच-सहाच शब्द घ्यावेत. दुसऱ्या दिवशी व पुन्हा आठवड्याने ते वाक्यात वापरून घ्यावेत. उजळणीविना खेळ लक्षात राहतो, शब्द मात्र विसरला जातो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वसईत पुष्कळ मुले घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठी वा इंग्रजी शिकतात. टोपलीतील वस्तूला मुलाने घरचे नाव दिले आणि वर्ग हसला, तर ते मूल पुढे तोंड उघडत नाही. शिक्षकांनी 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' असे आवर्जून विचारावे आणि दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. घरचा शब्द पुसून नवा शब्द रुजत नाही. तो घरच्या शब्दाच्या आधारानेच रुजतो.

पालकहो, याला शाळेचीच वाट पाहायला नको. आज संध्याकाळी भाजी निवडताना मुलाला जवळ बसवा व त्याच्याशी बोला.