पटाईत खेळाडू आणि चांगला शिक्षक

परभणीकडच्या एखाद्या घरांत भाकरी करणाऱ्या कुशल गृहिणीला “पिठांत पाणी किती घालावें?” असें विचारलें, तर बहुधा उत्तर येतें, “पीठ मागेल तितकें!” उत्तर खोटें नाहीं, परंतु परातीपुढें प्रथमच बसलेल्या मुलीला त्याचा कांहींएक उपयोग होत नाहीं. हाताला जें कळतें तें तोंडाला सांगतां येतेंच असें नाहीं. कोणत्याही कलेंत निष्णात मनुष्य आणि उत्तम गुरु हे दोघे एकच असतील कीं काय, हा प्रश्न येथूनच उत्पन्न होतो.

हाच प्रश्न बिलिअर्ड्सच्या खेळांत अधिक अवघड रूपानें उभा राहतो. समजा, जिल्ह्याच्या गांवीं एखादा मुलगा पूल खेळूं लागला, त्याचा हात बसला, आणि पुढें त्याला बिलिअर्ड्स शिकावेंसें वाटूं लागलें. जवळपास बिलिअर्ड्स जाणणारा कोणी नाहीं. आहे तो पूलमधला एक पटाईत खेळाडू. मुलास त्याच्या हातीं सोंपवावें काय? वडीलमाणसांनीं विचार करण्यासारखी ही गोष्ट आहे. खर्चलेला पैसा पुन्हां मिळवतां येतो. लहान वयांत हाताला लागलेलें वांकडें वळण मात्र सहजासहजीं सुटत नाहीं.

दोन्ही खेळ हिरव्या कापडाच्या टेबलावर क्यूनें खेळतात, येवढ्यावरून ते सारखे समजणें चूक होय. पूलचें मोठें टेबल ९ फूट लांबीचें, तर बिलिअर्ड्सचें सुमारें १२ फूट लांब व ६ फूट रुंद. पूलमध्यें एक पांढरा व पंधरा इतर चेंडू असतात. बिलिअर्ड्समध्यें पांढरा, पिवळा व तांबडा असे अवघे तीन. परंतु खरा भेद गुण मिळविण्याच्या रीतींत आहे. पूलमध्यें स्वतःचा पांढरा चेंडू पॉकेटांत पडला तर तो अपराध ठरतो. बिलिअर्ड्समध्यें आपला चेंडू तांबड्यावर आपटून पॉकेटांत गेला तर उलट ३ गुण मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवरून गेला तर २. आपल्या चेंडूनें दुसऱ्या दोन्ही चेंडूंस स्पर्श केला तर त्या कॅननचे २ गुण होतात. म्हणजे एका खेळांत जें टाळावयाचें, तेंच दुसऱ्यांत साधावयाचें!

यामुळें नजरेची संवयच बदलते. पूलच्या खेळाडूचा पहिला नेम समोरच्या चेंडूवर असतो. स्पर्शाची जागा किंचित् सरकली तरी त्या चेंडूची दिशा बदलते, म्हणून त्याची दृष्टि फार सूक्ष्म झालेली असते. बिलिअर्ड्समध्यें आपल्या चेंडूची पुढची वाटही तितकीच महत्त्वाची. तेथें ‘अर्ध्या चेंडूचा’ फटका हा पायाभूत धडा आहे: आपल्या चेंडूचा मध्य समोरच्या चेंडूच्या कडेच्या रेषेंत धरून मारावयाचें. सरळ लोळत जाणारा चेंडू अशा वेळीं सुमारें ३४ अंशांनीं वळतो. त्याच्या वळण्याची जवळजवळ ही परमावधि असल्यामुळें नेमांत अल्पशी चूक झाली तरी त्याची वाट फारशी बिघडत नाहीं. हें कारण ज्याला ठाऊक नाहीं, तो शिक्षक फटका करून दाखवील. पण तो फटका इतका भरंवशाचा कां, हें त्याला सांगतां येणार नाहीं.

तथापि पूलचा खेळाडू अगदींच निरुपयोगी समजूं नये. उभें राहण्याची ठेवण, डाव्या हाताची घट्ट बैठक, क्यूची सरळ चाल, चेंडूला द्यावयाची फिरत आणि पुढच्या फटक्याची आगाऊ योजना, हें सारें तो शिकवूं शकतो. कारण हा पाया दोन्ही खेळांना समान आहे.

इतिहासाची साक्षही एका बाजूची नाहीं. पुण्यांत १९२२ सालीं जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ व १९६४ सालीं बिलिअर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, आणि १९९६ सालच्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरीही ठरले. श्रेष्ठ खेळाडू व श्रेष्ठ गुरु एका ठिकाणीं नांदूं शकतात, हें त्यावरून दिसतें. दुसरीकडे अरविंद सवूर यांचें नांव मुख्यतः स्नूकरमध्यें गाजलें. पुण्यांतच १९८५ सालीं जन्मलेला त्यांचा शिष्य पंकज अडवाणी मात्र स्नूकर आणि बिलिअर्ड्स या दोन्ही खेळांत जगज्जेता झाला. गुरूच्या विजयांची मोजदाद ही शिष्याच्या प्रगतीची सीमा नव्हे.

तेव्हां पालकांनीं शिक्षकाची परीक्षा त्याच्या करंडकांवरून न करतां त्याच्या नजरेवरून करावी. मुलगा फटका मारीत असतां तो केवळ चेंडूकडे पाहतो कीं मुलाच्या कोपराकडे व मनगटाकडेही पाहतो? फटका हुकल्यावर तो स्वतः क्यू उचलून “असें मार” म्हणतो, कीं हुकण्याचें कारण सांगतो? आणि जें आपणांस येत नाहीं तें “येथून पुढें दुसऱ्या कोणाकडे जा” असें मोकळेपणानें म्हणण्याचें धैर्य त्याच्या ठिकाणीं आहे काय? या तिन्ही कसोट्यांस उतरणारा पूलचा खेळाडू बिलिअर्ड्सचे आरंभींचे धडे खुशाल देवो. न उतरणारा मोठा विजेता असला तरी त्याचा खेळ लांबून पाहावा, हेंच बरें. पीठ पाणी मागतें हें खरें; पण तें मागणें कसें ओळखावें, हें सांगतो तोच शिक्षक.