द्यूतप्रतिपदा आणि खिशातला शेअरबाजार

आश्विन अमावास्येस प्रदोषकाळी घरोघर लक्ष्मीपूजन होते, व्यापारी चोपड्यांवर गंधाक्षता वाहतात, आणि मुंबईच्या शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात. ही प्रथा १९५७ पासूनची. एरवी सायंकाळी होणारे हे सौदे २०२५ साली दुपारी पावणेदोन ते पावणेतीन या वेळेत झाले. शास्त्रातील प्रदोष कोठे आणि ही वेळ कोठे! असो.

टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांची १८७५ साली संस्था झाली. तोच हा बाजार. १९९५ पर्यंत तेथे रिंगणात उभे राहून ओरडून भाव सांगत, समोरच्याने शब्द दिला की दोघेही वहीत टिपून घेत. माढ्याच्या माणसास शेअर घ्यायचा तर दलाल गाठावा, तो सांगेल तो भाव खरा मानावा, मग कागदी प्रमाणपत्राची वाट पाहावी. सहीत किंचित फरक पडला की कागद परत! त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सट्टा तेव्हाही होताच.

पुढे संगणक आले, १९९६ च्या कायद्याने कागदी शेअरांची जागा खात्यातील नोंदीने घेतली, आणि २००० साली इंटरनेटवरून सौदे सुरू झाले. आज मुंबईच्या दलालास दिसणारा भाव माढ्याच्या ऊस बागायतदारास त्याच क्षणी दिसतो, आणि घेतलेला शेअर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी खात्यात येतो. हा न्यायच झाला.

परंतु विलंब गेला, त्याबरोबर 'जरा थांबा' म्हणू शकणारा मनुष्यही मधून गेला. बलिप्रतिपदेस द्यूतप्रतिपदाही म्हणतात. परंपरेने द्यूताला वर्षातला तो एक दिवस नेमून दिला, आणि तोही चारचौघांत खेळण्याचा. फोनवरील वायदे आणि ऑप्शन यांना तिथी नाही, साक्षीदार नाही. एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. हे 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात नेमका हाच गृहस्थ आहे: न जाण्याचा निश्चय करतो, फाशांचा आवाज ऐकताच निघतो, आणि घरी पत्नी व माता शोक करीत राहतात.

चोपडी सर्वांसमोर पाटावर मांडली जाते. फोनवरील सौद्यांचा वर्षाचा नफातोट्याचा उतारा कागदावर छापून मिळतो. यंदा तोही त्या पाटावर ठेवावा, आणि गृहलक्ष्मीने तो मोठ्याने वाचावा.