शेगडी आणि बंद खिडकी

बेळगावच्या थंडीत बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायचीच. शेक, ओव्या-शेपांची धुरी, सारे तिच्यावरच. गेल्या डिसेंबरात पुतणी बाळंतपणाला आली, तेव्हा आईने माळ्यावरची लोखंडी शेगडी काढली. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्याही कोंबल्या. पहाटे पुतणी उठली ती डोके ठणकत, मळमळत. 'जागरणाने होतं,' आई म्हणाली. मी मराठी शिकवतो. पण दार-खिडकी सताड उघडण्याइतके रसायनशास्त्र मलाही ठाऊक होते. मायलेकरांना आधी ओसरीवर आणले, मग तडक दवाखान्यात. तिथे प्राणवायू लावावा लागला.

आईचा प्रश्न एकच, 'धूर तर नव्हता रे!' घोळ नेमका इथेच आहे. लाकूड, गोवरी धुमसली की डोळे चुरचुरतात, माणूस आपणच खिडकी उघडतो. लालबुंद कोळसा मात्र धुराविना कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्याला पत्ताही लागत नाही. आणि वर राख ओढली म्हणजे निखारा विझत नाही. तो आत रात्रभर धुमसतो.

आता शेगडी अंगणातच पेटते आणि अंगणातच विझते. आत येतो तो तव्यावर गरम केलेला कापडाचा बोळा, शेकापुरता. रात्री बाळाला लोकरीचे अंगडे, आईला गोधडी. धुरी बंद केली म्हणून आमच्या मातोश्री अजून घुश्श्यात आहेत. पणतू रांगू लागलाय.